कॉट नंबर तीन

नवी पेठ, दुसरा मजला, खोलीत चार कॉट.
भाडं कॉटमागे. खिडकी डक्टकडे.
दोरी एकच, तिच्यावर चौघींचं सगळं.
ऑगस्टात इथं कपडे वाळत नाहीत,
नुसते थंड होतात.

मला आधी वाटलं, नाडीचा वळ असेल,
अभ्यासिकेत बारा-बारा तास बसून काचतं.
मग वळ गोल झाला.
आधी रुपयाएवढा, मग बांगडीएवढा.
आत कातडी बरी, जवळजवळ पहिल्यासारखी,
आणि कडेला लाल पुरळ, बारीक कोंडा.
माळाला वणवा लागतो तसं:
मधलं जळून विझलेलं,
आग फक्त पुढं सरकणाऱ्या रेघेत.

भूगोलाच्या वहीत मी समोच्च रेषा काढत होते
आणि डाव्या हातानं खाजवत होते.

मेडिकलवाल्यानं बघितलं नाही, विचारलं नाही.
"खाज ना? ही न्या. सगळ्यावर चालते."
तीन दिवसांत लाली गेली.
मी त्या ट्यूबला मनातल्या मनात नमस्कार केला.
दहाव्या दिवशी जे उगवलं ते ओळखू येईना,
कडा पुसट, पसारा दुप्पट,
मांडीत, काखेत, जिथं हात नेताना
आधी दार लावावं लागतं.

आई हिंगोलीहून फोनवर: "टाकळ्याचा पाला वाट, लाव."
मंडईत टाकळा मिळतोही जुडीनं,
पण आमच्या दारावर पाटी आहे:
'खोलीत मिक्सर लावू नये. लावल्यास कॉट सोडावी.'

शेवटी ससून. केसपेपर, बाक, पुन्हा बाक.
डॉक्टर हुपरीकर माझ्याच वयाच्या असाव्यात.
बोथट पात्यानं त्यांनी कड खरवडली, मधलं नाही.
"जिवंत काय ते कडेलाच असतं."
काचेवर भुकटी, वर एक थेंब, थोडं थांबणं.
मग म्हणाल्या, "बघायचंय?"

बघितलं.
पारदर्शक धागे, फांद्या फुटलेले,
माझ्या अंगावर इतकं शांत काही असेल
असं वाटलं नव्हतं.

"किडा नाही, बुरशी. शिळ्या पावावरच्या बुरशीची लांबची बहीण.
रक्त बिघडलेलं नाही, तुम्ही अस्वच्छही नाही.
ओल, घट्ट कपडे, आणि कुणाकडून तरी आलेलं."
ट्यूब उलटी करून वाचली त्यांनी.
"यात स्टेरॉइड आहे. आग विझत नाही यानं,
धूर तेवढा दिसेनासा होतो."
मलम डागाच्या बाहेर दोन बोटं जास्त,
डाग गेल्यावरही सांगेन तितके दिवस.
आणि पेन टोपणात घालता घालता:
"खोलीत किती जणी?"
चार.
"मग मला चौघी हव्यात."

तीन रात्री मी सांगितलं नाही.
चौथ्या रात्री दिवा गेल्यावर छताकडे बघून म्हटलं,
मला गजकर्ण झालंय.

पंखा. डक्टमध्ये कुणाचा तरी नळ.
मग तबस्सुमचा आवाज, "कधीपासून?"
आणि मी उत्तर द्यायच्या आत,
"मला जूनपासून."
सुकेशनीनं मोबाईलची बॅटरी लावली
आणि काही न बोलता कुर्त्याची बाही वर केली.
उर्मिला रडत होती की हसत होती, कळेना.
तिनं उशीखालून ट्यूब काढली,
तीच कंपनी, तेच निळं टोपण,
माझ्यापेक्षा जास्त दाबलेली.

कुणाकडून कुणाला, हा हिशेब उर्मिलानं मांडून पाहिला,
टॉवेल, चादर, लग्नाला नेलेला तो हिरवा ड्रेस,
आणि अर्ध्यात सोडून दिला.
पूर्वपरीक्षेला असा प्रश्न येत नाही, म्हणाली.

आता टॉवेल चार आहेत, कोपऱ्यावर नाव शिवलेले.
कपडे उकळत्या पाण्यातून, मग उलटे करून
जिन्याच्या कठड्यावर, जिथं अकरा ते बारा ऊन येतं.
त्या एका तासासाठी आम्ही पाळ्या लावल्यात.

काल मालकीणबाई वर आल्या.
"गीझर इतका कशाला चालतो गं तुमचा?"
चौघींनी एकमेकींकडे बघितलं.
सुकेशनी म्हणाली,
"काकू, बसा. बाही जरा वर करता का?"